शेजारधर्माची पदवी

आपल्या मंडळात अलीकडे एक नवा विषय निघाला आहे. आपल्यापैकी दोघीतिघींच्या घरातल्या मुली समाजकार्याच्या पदवीचा अभ्यास करीत आहेत. त्यांत माझी एक भाचीही आहे. तिला व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन असे विषय आहेत, आणि आठवड्यातले काही दिवस एखाद्या वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करावे लागते. त्या कामालाही गुण असतात! हळदीकुंकवाच्या दिवशी हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंना मोठा अचंबा वाटला. शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जायचे, त्याला का कुठे परीक्षा द्यावी लागते, असे त्यांनी सरळच विचारले. कुणी हसले, कुणी मान डोलावली.

मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बाईंना हाच प्रश्न उलट बाजूने पडला होता. पदवी हाती होती, पण शेजार कुठे आहे हेच त्यांना समजत नव्हते. त्या बाई म्हणजे शिकागोच्या जेन अ‍ॅडम्स. त्यांचे आत्मकथन आणि त्यांच्याविषयीची पुस्तके मी भाचीच्या निमित्ताने वाचली, त्यातले काही सांगते.

जेनचा जन्म 6 सप्टेंबर 1860 रोजी इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील पाणचक्कीचे मालक, बँकेचे चालक, राज्याच्या विधिमंडळाचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही. घरात कशाची वाण नव्हती. पण जेन दोन वर्षांची असताना आई गेली, आणि चार वर्षांची असताना मणक्याला क्षय झाला. तो बरा झाला, तरी पाठीला बाक राहिला. वडील दिसायला रुबाबदार. चर्चमधून परतताना परगावच्या लोकांना ही वाकडी, कुरूप मुलगी यांची आहे असे कळू नये, म्हणून ती वडिलांचा हात सोडून काकांबरोबर चालत असे. वडिलांना त्याची कल्पनाही नसावी. आपल्यामुळे आपल्या माणसाला खाली पाहावे लागेल, ही लाज त्या मुलीने इतक्या लहानपणी चाखली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

सातेक वर्षांची असताना वडिलांबरोबर जवळच्या शहरी गेली असता तिने गिरणीजवळची गरिबांची वस्ती पाहिली. माणसे इतक्या वाईट खुराड्यांत का राहतात, असे विचारून तिने जाहीर करून टाकले की मोठेपणी मी मोठे घर बांधीन, पण ते असल्या लहान घरांच्या मधोमध बांधीन. मुले असे पुष्कळ बोलतात आणि विसरतात.

1877 साली तिला रॉकफर्डच्या मुलींच्या विद्यालयात घातले. 1881 साली ती पहिल्या क्रमांकाने बाहेर पडली. त्या वेळी त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार नव्हता. तो मिळाल्याबरोबर 1882 साली जेनने बी. ए. पदवी घेतली. मुलींनी पदवीधर होणे हीच त्या काळी नवलाई. मात्र पदवीचे पुढे करायचे काय, हे तिला कुणी सांगितले नाही. 1881 च्या उन्हाळ्यात वडील अकस्मात वारले. डॉक्टर होऊन गरिबांत काम करावे म्हणून ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली, तो पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरले. शस्त्रक्रिया झाली, अभ्यास सुटला. त्यानंतर सावत्र आईबरोबर युरोपचा प्रवास. चित्रे पाहावयाची, भाषा शिकावयाच्या, मोठमोठी मंदिरे पाहावयाची. सारी तयारीच तयारी, आणि कशाची ते कळत नाही! लग्नाचा योग आला नाही आणि तिलाही त्याची ओढ नव्हती. अशी एकदोन नव्हे, आठ वर्षे गेली. आपल्याकडेही शिकून घरात बसलेल्या मुलींना ही घालमेल नवीन नाही.

1883 मध्ये लंडनला असताना एका शनिवारी मध्यरात्री काही प्रवाशांबरोबर ती ईस्ट एंड ही गरीब वस्ती पाहावयास गेली. रविवारी बाजार बंद, म्हणून नासकी भाजी लिलावाने फुंकून टाकीत होते. गाडीभोवती माणसांची झुंबड, आणि वर उंचावलेले शेकडो हात. एका माणसाला कोबीचा गड्डा मिळाला. तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसला आणि न धुता, न शिजवता दातांनी तोडून खाऊ लागला. घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावरून जेनने हे पाहिले. आणि त्या क्षणी तिला आठवले काय, तर डी क्विन्सी या लेखकाचा एक निबंध! त्यात गाडीवर बसलेल्या एकाला समोर अपघात होताना दिसतो, पण ओरडून सावध करण्याआधी तो होमरच्या काव्यातल्या ओळी आठवीत बसतो. तिला स्वतःची किळस आली. आपल्या शिक्षणानेही आपल्याला असेच केले आहे, डोळ्यांसमोरची भूक दिसण्याआधी पुस्तक दिसते, असे तिच्या मनाने घेतले. ते उंचावलेले हात तिला जन्मभर विसरता आले नाहीत.

दुसऱ्या प्रवासात, 1888 साली, तिने त्याच ईस्ट एंडमधले टॉयन्बी हॉल पाहिले. सॅम्युएल बार्नेट हे पाद्री आणि त्यांच्या पत्नी हेन्‍रिएटा यांनी ते 1884 साली काढले होते. विद्यापीठातून शिकून निघालेल्या तरुणांनी गरीब वस्तीत घर करावयाचे आणि तिथले शेजारी म्हणून राहावयाचे, अशी ती कल्पना. वर्षातून एकदा कांबळी वाटून परत जावयाचे नाही, तर त्याच गल्लीतले पाणी प्यावयाचे. जेनला तिचे उत्तर सापडले.

येथून पुढे मी त्यांना जेनबाई म्हणते. 18 सप्टेंबर 1889 रोजी जेनबाई, त्यांची कॉलेजातली मैत्रीण एलन गेट्स स्टार आणि घरकामाला मेरी कायझर अशा तिघी शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या विटांच्या घरात राहावयास आल्या. 1856 साली हल नावाच्या व्यापाऱ्याने ते बांधले होते, म्हणून त्याचे नाव हल हाऊस. आजूबाजूला इटालियन, जर्मन, ग्रीक, आयरिश, बोहेमियन, रशिया-पोलंडातून आलेले ज्यू. दहा भाषा आणि दहा तऱ्हेचे चुलीचे वास. पहिल्या रात्री सामान लावण्याच्या गडबडीत बाजूचे दार उघडेच राहिले. सकाळी पाहतात तो काहीही चोरीस गेले नव्हते. असल्या वस्तीत बायकांनी राहू नये म्हणून बजावणाऱ्यांना हे मुद्दाम कळवावे असे त्यांना वाटले असेल!

आता त्या शिकल्या कशा, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या नाताळात मुलींना मिठाई वाटली, तर काही लहान मुली हात पुढे करीनात. चौकशी करता कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सणाच्या आधीचे सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मिठाई हाताळून त्यांना ती नजरेसमोरही नकोशी झाली होती. शिशुशाळा निघाली तेव्हा आया कामाला गेल्यावर घरी कोंडून ठेवलेल्या मुलांची दशा दिसली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेले, एक भाजलेले. आणि एकाची पाठ वाकलेली, कारण तीन वर्षे ते रोज दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधलेले असे. दुपारी मोठा भाऊ कारखान्यातून धावत येऊन सोडवी, तेवढीच मोकळीक. आई निर्दय नव्हती, तिला पोटासाठी जावे लागे. ती वाकडी पाठ पाहून जेनबाईंना काय वाटले असेल ते सांगावयास नको. त्यांनी पाळणाघर काढले.

सारेच साधले असे नाही. स्वयंपाकघराचा प्रसंग तर आपणा सर्वांना रुचेल. शेजारणी दिवसभर शिवणकाम करतात, मुलांना डब्यातले काहीबाही देतात, हे पाहून 1893 साली हल हाऊसने सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. अन्नशास्त्राचा अभ्यास करून, मंद आचेवर शिजवलेले, पौष्टिक आणि स्वस्त सूप. सारे शास्त्रशुद्ध, पण शेजारणी फिरकेनात. एका बाईने कबूल केले की अन्न पौष्टिक असेल बापडे, पण आपल्याला जे आवडते तेच खावेसे वाटते. इटालियन बाईला तिची चव हवी, बोहेमियन बाईला तिची. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या पुढ्यात कुणी हिशेब करून परदेशी पेज ठेवावी तसेच ते झाले. पण बाजूला उघडलेले कॉफीघर मात्र भरू लागले, कारण लोकांना दारूच्या गुत्त्याखेरीज बसायला-बोलायला जागा हवी होती. बायकांनी काय मागितले नव्हते आणि काय हवे होते, हे दोन्ही त्यांनी पायांनीच सांगितले.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते एका कारकुनाच्या हकिकतीने. 1893 च्या मंदीच्या हिवाळ्यात तो मदत मागावयास आला. त्या वेळच्या धर्मादाय संस्थांचा नियम असा, की धडधाकट माणसाला काम मिळत असता मदत द्यावयाची नाही. शहराबाहेर कालव्याचे खोदकाम चालू होते. जेनबाईंनी त्याला तिकडे जाण्यास सांगितले. तो म्हणाला की आजवर बैठे काम केले आहे, हिवाळ्यात उघड्यावरचे काम मला सोसणार नाही. नियम नियमच होता. तो बिचारा वाद न घालता गेला, दोन दिवस खणला, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात वारला. मागे दोन मुले राहिली. जेनबाईंनी हे झाकून ठेवले नाही. स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवले, आणि त्या मुलांकडे पाहताना आपल्याला काय वाटे तेही लिहिले. ज्याच्या आयुष्याविषयी सल्ला द्यावयाचा, त्याचे आयुष्य, त्याच्या सवयी, त्याची शक्ती ठाऊक असल्याशिवाय देऊ नये, हे त्या अशा रीतीने शिकल्या. भाची सांगते की व्यक्तिसहाय्य या विषयात पहिले कित्येक तास नुसते ऐकून घ्यावयास शिकवतात. काकूंना मी हीच हकिकत सांगितली. चांगल्या मनाने दिलेल्या सल्ल्यानेही माणूस मरतो, म्हणून शिकावयाचे.

ऐकून घ्यावयाचे, तसेच मोजावयाचेही. 1891 च्या अखेरीस फ्लॉरेन्स केली ही बुद्धिमान बाई हल हाऊसमध्ये राहावयास आली. तिने घरोघर जाऊन शिवणकामाची खुराडी पाहिली. तिच्या खटपटीने 1893 साली इलिनॉयमध्ये कायदा झाला : चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आठ तासांहून अधिक काम नाही. आठ तासांचे कलम 1895 साली न्यायालयाने रद्द केले, तरी वाट पडली. त्याच वर्षी हल हाऊसने आपल्या वस्तीचे नकाशे छापले. कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक, त्यांची मिळकत किती, हे रंगांनी दाखवलेले. तोवर दया करणारे पुष्कळ होते. घर आणि घर मोजणारे कुणी नव्हते.

आता मंडळाच्या भगिनींसाठी खास गोष्ट. हल हाऊसमध्ये बायकांचा एक क्लब होता, आपल्या मंडळासारखाच. वस्तीत कचऱ्याच्या पेट्या ओसंडत, मुले त्यांवर खेळत, आणि मृत्यूचे प्रमाण मोठे. क्लबातल्या बारा जणींनी घरकाम आटोपून हल हाऊसच्या मंडळींबरोबर उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्ल्या तपासल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबर या दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे 1037 तक्रारी गेल्या, त्याही पुराव्यासह. तरी फारसा फरक पडेना. तेव्हा जेनबाईंनी कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच अर्ज केला. अर्ज नियमावर बोट ठेवून फेटाळला गेला, पण त्याचा गवगवा एवढा झाला की 1895 साली महापौरांनी त्यांना त्या विभागाचे कचरा-निरीक्षक नेमले. पगार वर्षाला 1000 डॉलर. बाई सकाळी सहाला उठून गाड्यांच्या मागे जात. एका अरुंद रस्त्यावर अठरा इंच कचऱ्याखाली फरसबंदी सापडली. तिथे फरसबंदी आहे हे राहणाऱ्यांनाही माहीत नव्हते! बाईमाणसाने हे काम करावे याचा काही शेजारणींना धक्का बसला. विषमज्वराच्या रोग्याची सेवा करणे बाईला शोभते, तर तो ज्वर होऊ न देणे का शोभू नये, अशी त्यांनी समजूत घातली. मृत्यूच्या प्रमाणात तो विभाग शहरात तिसरा होता, तो सातवा झाला.

लहानपणीच्या लाजेची गोष्ट सांगेन म्हटले होते. वस्तीतल्या मुली इंग्रजी शिकल्या, कारखान्यात मिळवू लागल्या, की डोक्याला रुमाल बांधणाऱ्या, मोडकी भाषा बोलणाऱ्या आईची त्यांना लाज वाटे. एक इटालियन मुलगी पाककृतीच्या वर्गाला येई, पण आई ज्या दाराने येई त्या दाराने ती येत नसे. जेनबाईंनी 1900 साली हस्तव्यवसायांचे संग्रहालय काढले. त्यात म्हाताऱ्या बायका आपापल्या देशाच्या रीतीने सूत काढून दाखवीत. त्या मुलीने पाहिले की शिकलेसवरलेले लोक आईभोवती उभे राहून तिच्या टकळीचे कौतुक करीत आहेत. पुढे ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली. वडिलांचा हात सोडून चालणाऱ्या मुलीलाच हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही.

तरुण मुलांवर तर त्यांचे विशेष लक्ष. शिकागोत 1899 साली अमेरिकेतले पहिले बालन्यायालय सुरू झाले, त्यामागे हल हाऊसच्या स्त्रियांचे मोठे श्रम होते. त्या आधी लहान मूल आणि मुरलेला गुन्हेगार एकाच कोठडीत असत. 1909 साली जेनबाईंनी शहरातल्या तरुणांवर एक पुस्तक लिहिले. शहराला या पोरापोरींचे हात कामाला हवेत, पण त्यांच्या खेळण्याची, नाचण्यागाण्याची सोय मात्र ते गुत्तेवाल्यांवर सोपवते, हे त्यांचे म्हणणे. म्हणून हल हाऊसमध्ये व्यायामशाळा, संगीतशाळा, नाटकगृह, मुलांचा क्लब अशी भर पडत गेली आणि एका घराच्या तेरा इमारती झाल्या.

आता पदवीकडे येते. ग्रॅहम टेलर या त्यांच्या स्नेह्याने शिकागोत 1903 साली असल्या कामाचे वर्ग काढले, 1908 मध्ये त्याची रीतसर शाळा झाली. हल हाऊसमध्येच राहणाऱ्या सोफोनिस्बा ब्रेकिन्रिज आणि ईडिथ अ‍ॅबट या दोघी विदुषींनी धरून लावले की नुसती उमेदवारी पुरत नाही, विद्यापीठाचे शिक्षण हवे. 1920 साली ती शाळा शिकागो विद्यापीठात गेली. जेनबाईंचे मन या बाबतीत जरा दोन्हीकडे होते असे मला दिसते. शिक्षण त्यांना हवेच होते, पण हल हाऊसला कुणी समाजशास्त्राची प्रयोगशाळा म्हटले की त्यांना रुचत नसे. शेजारी हे काही तपासायचे नमुने नव्हेत. विद्यापीठाने हल हाऊस आपल्या छत्राखाली घेऊ पाहिले, तेव्हा त्यांनी ते दिले नाही. मला हे दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

ही वाट आपल्या मुंबईपर्यंत येते. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले. त्यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाऊस उभारले, आणि त्याच नागपाड्यात 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. 1944 साली तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, 1954 साली ती देवनारला गेली. तेव्हा आपल्या मुली आज वस्तीत वही घेऊन फिरतात, ती रीत अशी शेजाराच्या घरातूनच आलेली आहे.

जेनबाईंना लोकांनी नेहमी डोक्यावर घेतले असे समजू नये. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, हेग येथे जमलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांनी युद्धाला विरोध केला, आणि कालपर्यंत पूजा करणारी वर्तमानपत्रे त्यांना देशद्रोही ठरवू लागली. सभांची आमंत्रणे थांबली. बाई नमल्या नाहीत. 1923 मध्ये जगप्रवासात त्या हिंदुस्थानातही आल्या होत्या. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात असल्याने त्यांची भेट राहिली. 1931 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. पण तेव्हा त्या रुग्णालयात होत्या.

21 मे 1935 रोजी शिकागोतच त्यांचा अंत झाला. हल हाऊसच्या अंगणात हजारो शेजारी दर्शनाला आले. त्यांना सीडरव्हिलला पुरले. दगडावर नावाखाली हल हाऊस आणि स्त्रियांची आंतरराष्ट्रीय शांतता संघटना एवढाच उल्लेख आहे, पदव्या नाहीत.

पुढे 1961 साली ती सारी वस्ती पाडून तेथे विद्यापीठ बांधण्याचे ठरले, तेव्हा त्या गल्लीतल्या बायकांनी महापौरांच्या कचेरीत ठाण मांडले. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि त्या हरल्या. तेरा इमारतींपैकी मूळचे घर आणि जेवणघर तेवढे राहिले. 1967 पासून तेथे संग्रहालय आहे. शहरात इतरत्र चालू असलेले हल हाऊस संस्थेचे कामही पैशाअभावी जानेवारी 2012 मध्ये बंद पडले.